संगमरवरी टेबलावर कोण बसलं? हॉटेलात खाण्याचा इतिहास रानशेतहून वाचताना

'खाद्यसंस्कृतीवर पीएचडी करायचीय' असं सांगणारे विद्यार्थी हल्ली बरेच भेटतात, आणि त्यातल्या निम्म्या जणांच्या डोक्यात मुंबईची इराणी हॉटेलं असतात. विषय वाईट नाही. नेहमी दिसणारी जागा आहे, फोटो छान येतात, लोक भरभरून बोलतात. अडचण एवढीच की प्रस्ताव वाचायला घेतला की तीच चार वाक्यं परत परत भेटतात. टेबलावर इटालियन संगमरवर होता. खुर्च्या व्हिएन्नाच्या होत्या. कोपऱ्यावरची जागा हिंदू घेत नसत म्हणून ती इराण्यांना मिळाली. आणि तिथे जातपात न बघता सगळ्यांना चहा मिळायचा. मग बन मस्का, ब्रून मस्का, खारी, मावा केक यांची यादी, आणि शेवटी 'आता हे सगळं संपत चाललंय' असा सुस्कारा.

हा झाला आठवणींचा लेख. त्याला संशोधनाचा प्रश्न म्हणता येणार नाही. आठवणींच्या लेखातून प्रश्न कसा काढायचा, ते आज बघू. त्यासाठी मी एक खोड काढणार आहे. हॉटेल मुंबईत असलं तरी त्याच्याकडे बघायचं डहाणू तालुक्यातल्या रानशेतहून. का, ते पुढे कळेल.

आधी थोडं इटलीकडे जाऊ, कारण मोहल्ल्यातल्या छोट्या हॉटेलचा इतिहास कसा लिहायचा हे इटालियन रेस्टॉरंटवर काम करणाऱ्यांनी चांगलं दाखवून दिलंय. १८८० ते १९२० या काळात इटलीतून, मुख्यतः दक्षिणेतून, चाळीस लाखांवर माणसं अमेरिकेत गेली. बहुतेक गरीब, शेतमजूर. घरी असताना मांस सणावारी खाणारी. न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली लोम्बार्डीचा पिझ्झा सुरू झाला तेव्हा तो त्याच मोहल्ल्यातल्या मजुरांसाठी होता. बाहेरच्या अमेरिकनांना या लोकांच्या लसणाच्या वासाचं वावडं होतं. पुढे तेच जेवण सगळ्या देशाचं आवडतं झालं. डोना गबाचिया यांचं 'वी आर व्हॉट वी ईट' (१९९८) आणि सिमोने चिनोत्तो यांचं 'द इटालियन अमेरिकन टेबल' (२०१३) ही दोन पुस्तकं वाचा. चिनोत्तो काय दाखवतात? 'इटालियन जेवण' ही वस्तू इटलीतून पेटीत भरून आणलेली नव्हती. ती स्थलांतरितांच्या घरात, दुकानात आणि रेस्टॉरंटात घडत गेली. सिसिलीचा माणूस आणि नेपल्सचा माणूस न्यूयॉर्कच्या टेबलावर येऊन 'इटालियन' झाला.

आता हाच चष्मा इराणी हॉटेलवर लावून बघा. लागतच नाही! आणि तो लागत नाही हीच खरी मजेची गोष्ट आहे.

इटालियन रेस्टॉरंट इटली विकतं. इराणी हॉटेलने इराण कधी विकलाच नाही. दूध घातलेला कडक चहा, पाव, आम्लेट, खिमा, अकुरी. यात यझ्द किंवा केरमानचं काय आहे? पाव पोर्तुगीजांकडून आलेला, खिमा हिंदुस्थानी, बिस्किटं विलायती वळणाची. चहाची तर उलटीच कथा आहे. इराणमध्ये चहाची लागवड सुरू करणारे काशिफ-उस-सल्तने हिंदुस्थानात इराणचे वकील होते आणि त्यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर कांगड्याहून रोपं लाहिजानला नेली. ज्या पदार्थामुळे इराणी हॉटेलला खरोखर इराणी म्हणावं असा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव. त्यातली आंबट लाल झेरेश्क इराणमधून येते. पण ब्रिटानिया सुरू झालं १९२३ साली, आणि बेरी पुलाव तिथल्या मेन्यूत आला १९८० च्या दशकात, मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी काही काळ इराणमध्ये राहून आल्यानंतर. म्हणजे साठ वर्षं 'इराणी' हा शब्द पाटीवर होता, ताटात नव्हता.

असं का झालं असेल? इथे प्रश्न तयार होतो. इटालियन रेस्टॉरंटचं पहिलं गिऱ्हाईक इटालियनच होतं. इराण्याचं पहिलं गिऱ्हाईक कोण? गोदीतला हमाल, गिरणीतला बदली कामगार, कारकून, टॅक्सीवाला. त्यांच्या खिशाला आणि त्यांच्या घाईला परवडेल तेच विकायचं. शिवाय गिऱ्हाइकांत दहा जाती आणि चार धर्म. अशा ठिकाणी मालकाने स्वतःचं घरचं जेवण न विकणं हाच शहाणपणा. मला तर वाटतं, इराणी हॉटेलचं सगळ्यात मोठं यश म्हणजे तिथे कुणाचंच 'आपलं' जेवण मिळत नव्हतं. म्हणून कुणाला तिथे परकंही वाटलं नाही.

हे इराणी कोण, हेही एकदा नीट समजून घ्या, कारण व्हायवात इथे गडबड होते. पारशी आणि इराणी एक नाहीत. पारशांचे पूर्वज हजार-बाराशे वर्षांपूर्वी संजाणच्या किनाऱ्यावर उतरले अशी त्यांची परंपरा सांगते. संजाण म्हणजे आपल्या तलासरीला लागूनच. संजाण पडल्यावर त्यांनी पवित्र अग्नी बारा वर्षं ज्या बहारोटच्या गुहांत लपवला, त्या गुहा आज डहाणू तालुक्यात आहेत. इराणी मात्र एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला आले. तिथे झरथुष्ट्रींवर जिझिया होता, तो मानेकजी लिमजी हातारिया यांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये उठला. गरिबी आणि छळ यांनी गांजलेली ही माणसं मुंबईत आली, आणि त्यातली बरीच सुरुवातीला पारशांच्या घरी नोकर होती. शिवाय सगळेच हॉटेलवाले झरथुष्ट्री नव्हते, इराणी मुसलमानही होते. प्रस्तावात 'पारशी-इराणी हॉटेलं' असा एकच जोडशब्द ठोकून दिला की मालक-नोकराचं हे आतलं नातं पुसलं जातं.

कोपऱ्यावरच्या जागेचं आता. हिंदूंना कोपऱ्याची जागा अशुभ वाटते म्हणून ती इराण्यांना मिळाली, हे स्पष्टीकरण प्रत्येक लेखात असतं. असेलही काही प्रमाणात. पण दुकानदाराच्या नजरेने बघा. कोपऱ्याला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक, दोन दारं, उजेड, वारा, आणि नाक्यावर ट्रामची किंवा बसची वाट बघत उभी असलेली माणसं. एवढं असताना श्रद्धेचं स्पष्टीकरण पहिलं का द्यायचं? ही जुनी खोड आहे, आपल्या समाजाचा विषय आला की अर्थकारणाच्या आधी शुभ-अशुभ आठवतं. तसंच टिकून राहण्याचं. 'इराण्यांची चिकाटी' असं लिहिण्याआधी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा वाचा. प्रमाणभाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. शहराच्या मोक्याच्या कोपऱ्यावर पंखा लावून, एका चहावर गिऱ्हाइकाला तासभर बसू देणं परवडलं त्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. आणि तास-तास बसणं चाले याचा पुरावा कुठे? भिंतीवरच्या सूचनांच्या पाट्यांत. निसीम इझिकेल यांनी त्यांवर कविताच केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनाईची पाटी उलटी वाचावी. जे करू नका असं लिहावं लागतं, ते लोक रोज करत असतात.

आता चौथं वाक्य, सगळ्यात अवघड. 'सगळ्यांना खुलं.'

हे वाक्य खोटं नाही. त्याचं वजन कळायला मागे जावं लागेल. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींच्या पुढे चहा-बिस्किटं आली. त्या एका कपावरून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानड्यांसारख्या, पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश झालेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. बाहेर, परक्याच्या हातचा चहा पिणं ही तेव्हा घटना होती. त्यानंतर जेमतेम चौदा वर्षांनी, १९०४ मध्ये, धोबीतलावला कयानी सुरू होतं. या चौदा वर्षांत आणि पुढच्या तीसेक वर्षांत काय बदललं, हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो. फ्रँक कॉनलन यांचा 'डायनिंग आउट इन बॉम्बे' (१९९५) हा लेख इथून सुरुवात करायला उत्तम. बाहेर खाण्याची जागा मुंबईत उशिरा आणि अडखळत कशी आली हे त्यांनी दाखवलंय.

पण 'खुलं' या शब्दाला दुसरी बाजू आहे. हॉटेलं आपोआप खुली होत असती, तर राज्यघटनेत त्यांचं नाव घालायची वेळ आली नसती. कलम १५(२) काढून बघा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे फक्त माल विकणारं दुकान का, धोबी आणि न्हावी यात येतात का, असा प्रश्न आला. 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, पैसे देऊन सेवा मिळते ती प्रत्येक जागा त्यात येते, असा खुलासा आंबेडकरांनी केला. मग १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा. आणि तरीही शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशीविरुद्ध पोलिसात तक्रार नोंदवण्याचा प्रसंग येतोच. म्हणजे इराण्याच्या टेबलाची किंमत कळायची असेल तर ते एकटं बघून चालत नाही. त्याच वर्षांत दुसरीकडे कुठे कप वेगळा होता, कुठे दाराबाहेर बसावं लागत होतं, ते शेजारी ठेवावं लागतं.

आणि इथेच रानशेत येतं.

डहाणूच्या किनारपट्टीवर, घोलवड-बोर्डीच्या बाजूला, इराण्यांच्या आणि पारशांच्या चिकूच्या वाड्या आहेत. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मुंबईत जो इराणी गल्ल्यावर बसलेला दिसतो, तोच समाज इथे जमिनीचा मालक म्हणून दिसतो. रेल्वे ओलांडून पूर्वेला जंगलपट्टीत जा, रानशेतसारख्या गावांत, तिथे वारली आहेत. या भागातल्या जमीनदार-सावकारांत ब्राह्मण, वाणी, मुसलमान होते, तसेच पारशी आणि इराणीही होते. दारूचे मक्तेही पारशांकडे होते. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडी-मोहाची घरगुती दारू गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागू लागली. डेव्हिड हार्डिमन यांचं 'द कमिंग ऑफ द देवी' (१९८७) याच पट्ट्यातून सुरू होतं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांत उठलेली देवीची लाट १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत पोचली आणि आदिवासींनी दारू सोडली, पारशी मक्तेदारांवर बहिष्कार घातला.

म्हणजे बघा. पैसे देऊन, घराबाहेर, परक्या माणसाच्या दुकानात काहीतरी पिणं हा अनुभव वारल्यांना मुंबईकरांच्या आधीपासून होता. फक्त त्या दुकानाला आपण 'कॅफे' म्हणत नाही, पिठा म्हणतो. खाद्यसंस्कृतीच्या किती पुस्तकांत दारूचा पिठा येतो, मोजून बघा.

आणि जेवण? त्याचा हिशोब मेन्यूकार्डावर नाही, खावटीच्या वहीत होता. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून भात किंवा नागली उचलायची आणि सुगीनंतर दीडपट-दुप्पट परत करायची, ही खावटी. फिटली नाही तर वेठ. लग्नासाठी कर्ज घेतलं तर नवरा-बायको दोघंही मालकाकडे राबायला, त्याला लग्नगडी म्हणत. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात (१९३९) हे सगळं आलंय, आणि तो काही कम्युनिस्ट नव्हता. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) तुम्ही वाचलं असेलच. नसेल तर आज आणा. जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याची किसान सभेची परिषद, मे महिन्यात झरीची सभा, वेठ बंद, रोज बारा आणे मजुरीची मागणी, आणि १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याचा गोळीबार, त्यात पाच जण गेले. हे पुस्तक चळवळीचा इतिहास म्हणून शिकवलं जातं. त्यातले अन्नाचे उल्लेख वेगळे काढून एकदा वाचा. कोण काय खातंय, कुणाच्या हातचं, कुठे बसून. परुळेकर बाई पाड्यावर जाऊन त्यांच्यातच जेवल्या, हे त्यांच्या कामाचं मोठं भांडवल होतं.

आता दोन चित्रं समोर आहेत. १९४५ साल घ्या. मुंबईत एक गिरणी कामगार इराण्याकडे संगमरवरी टेबलावर मालकासमोर बसून चहा पितोय, बशीत ओतून, निवांत. त्याच वर्षी डहाणूच्या जंगलपट्टीत एक वारली मजूर मालकाच्या ओट्यापासून लांब उभा आहे. मालक त्याच समाजातला असू शकतो. मग 'इराणी उदार होते' हे वाक्य कुठे ठेवायचं? आणि लगेच उलट्या टोकाला जाऊन 'इराणी शोषक होते' असं लिहायचं का? तसं लिहिलंत तर मार्गदर्शक खूश होतील कदाचित, पण तीच चूक उलट बाजूने होईल. गल्ल्यावरचा इराणी आणि वाडीवरचा इराणी यांची सामाजिक मुळं सारखी असतील, पण गिऱ्हाइकाशी रोख एक आण्याचं नातं आणि कुळाशी कर्जाचं नातं ही दोन वेगळी नाती आहेत. रोखीच्या नात्यात माणूस उठून समोरच्या हॉटेलात जाऊ शकतो. खावटीत तो उठून कुठे जाणार? माझ्या मते मोकळेपणा मालकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या उठून जाण्याच्या शक्यतेत शोधावा. हे गृहीतक आहे, आणि याची तपासणी करता येते, म्हणून ते प्रस्तावात घालण्यासारखं आहे.

तपासणी कशी? कागदपत्रांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट आधी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीचं सगळं 'ठाणे' नावाखाली शोधायचं. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला, म्हणून १९४५ च्या उठावाचा भूगोल आज दोन राज्यांत विभागलेला आहे. कॅटलॉगमध्ये 'तलासरी' टाकून काही मिळालं नाही म्हणून परत आलेले लोक मी पाहिलेत. 'उंबरगाव' टाका, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने टाका. १८८२ चं ठाणे गॅझेटिअर पहिल्यांदा चाळा, त्यात अबकारी आणि पारशांवरचे भाग आहेत. मुंबईच्या बाजूने परवाने, जाहिराती, भाड्याचे खटले. इराणी हॉटेलं एकेकाळी किती होती नि आता किती उरली याचे आकडे एका लेखातून दुसऱ्या लेखात फिरत असतात. मूळ नोंद हातात येईपर्यंत ते उचलू नका.

मुलाखतींबद्दल. मुंबईत इराणी हॉटेलवर विचारलं की लोक स्वतःहून तासभर बोलतात, आणि बोलणारे बहुतेक पुरुष असतात, हे टिपून ठेवा. बायका तिथे कधी, कुणाबरोबर, फॅमिली रूममध्ये की बाहेर बसल्या, हा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो. रानशेतला 'तुम्ही हॉटेलात पहिल्यांदा कधी जेवलात' असा प्रश्न थेट टाकला तर गाडी पुढे जात नाही. 'हॉटेल' या शब्दाने कुणाला नाक्यावरची भज्यांची टपरी आठवेल, कुणाला डहाणू रोड स्टेशनबाहेरचं दुकान, कुणाला काहीच नाही. त्यापेक्षा कामाच्या वाटेने विचारा. वीटभट्टीवर किंवा बोटीवर कामाला जायचात तेव्हा दुपारी काय खायचात, पैसे कोण द्यायचं, उचलीतून कापायचे का? आठवडे बाजाराला गेलात की पोरांना काय घेऊन द्यायचात? चहा कशात मिळायचा, कपात, ग्लासात की पानात, आणि तो धुवायचा कोण? शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण कपबशी कुणी विसळली यावरून जेवढं कळतं तेवढं 'भेदभाव होता का' या प्रश्नाला मिळालेल्या तीन पानी उत्तरातून कळत नाही.

आणि हो, इटालियन हा विषय मी मध्येच सोडून दिला असं वाटलं असेल. आज गल्लोगल्ली केक विकणाऱ्या मोंजिनीसचं नाव मूळ फोर्टमध्ये साहेबलोकांसाठी केटरिंग करणाऱ्या इटालियन भावांचं. म्हणजे मुंबईत इटालियन होते, पण मोहल्ला नव्हता, म्हणून मोहल्ल्यातलं इटालियन हॉटेलही झालं नाही. आज पिझ्झा डहाणूलाही मिळतो, तो इटलीच्या माणसाशिवाय आलाय. पाटीवर परदेश आणि आत आपलीच मुलं कामाला, ही रचना नवीन नाही. त्या स्वयंपाकघरात पीठ मळणारा मुलगा कुठल्या पाड्यावरून येतो, त्याला जेवायला काय मिळतं आणि तो ते कुठे बसून खातो, यावर एम.ए.चा एक छोटा प्रबंध सहज होईल. कुणी घेत असेल तर क्षेत्रकामाच्या पहिल्याच दिवशी मालकाची मुलाखत घेऊ नका. दुपारी तीन वाजता जा, गिऱ्हाईक नसतं, तेव्हा कामगार जेवतात.